वामनाचे तिसरे पाऊल : वेल्सच्या आधुनिकताविचारातील एक नैतिक पेच

१

मराठी समीक्षेत 'आधुनिकता' ही संज्ञा मुख्यतः संवेदनशीलतेच्या अंगाने रूढ झाली. मर्ढेकरांच्या 'कांही कविता' (१९४७) या संग्रहापासून आपण यंत्रयुग, महानगर आणि त्यांत एकाकी पडलेला माणूस या क्रमाने तिचा विचार करीत आलो. परात्मता, तुटलेपण, मूल्यांचे विघटन हे आपले नेहमीचे शब्द या विचारातूनच आले. या विचाराचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु त्यात आधुनिकता ही माणसावर येऊन आदळलेली एक अवस्था आहे असे गृहीत धरलेले असते. ती कोणीतरी इच्छिलेली, कागदावर आखलेली आणि इतरांच्या जगण्यावर अमलात आणलेली गोष्टही असते, ही बाजू आपल्या चर्चेत क्वचितच येते. कवितेतला एकटा माणूस आपल्याला परिचित आहे. त्याचे शहर आखणारा माणूस मात्र आपल्या समीक्षेच्या कक्षेबाहेर राहिला आहे.

इंग्रजी विज्ञानकथेचा आद्य शिल्पकार मानला जाणारा एच. जी. वेल्स (१८६६-१९४६) हा या बाजूचा विचार करण्यासाठी अतिशय उपयुक्त लेखक आहे. मराठीत तो प्रामुख्याने किशोरवाचकांचा लेखक म्हणून आला. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नबरोबर वेल्सही मराठी मुलांपर्यंत पोहोचवला. त्यामुळे कालयंत्र, मंगळावरचे आक्रमक आणि अदृश्य माणूस आपल्या ओळखीचे झाले. त्यांच्या मागे उभा असलेला विचारवंत मात्र अनोळखी राहिला. या विचारवंताने आयुष्यभर एकच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत हाताळला. येणाऱ्या काळाची आखणी करता येईल का, हा तो प्रश्न. प्रस्तुत लेखात मला त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न विचारायचा आहे : दुसऱ्या माणसाचे भविष्य आखण्याचा अधिकार कोणाला, आणि कोणत्या अटीवर, पोहोचतो? वेल्सच्या कथांनी या प्रश्नाला जे उत्तर दिले त्याच्या नेमके उलट उत्तर त्याच्या वैचारिक ग्रंथाने दिले. या विसंगतीत केवळ एका लेखकाचा नव्हे, तर आधुनिकतेच्या एकूण प्रकल्पाचा पेच दडलेला आहे असे मला वाटते.

२

वेल्सचा जन्म ब्रॉमली येथे एका लहान दुकानदाराच्या घरी झाला. पुढे त्याची आई अपपार्क येथील एका जमीनदारी वाड्यात व्यवस्थापिका म्हणून राहिली. त्या वाड्यात नोकरांचा वावर तळघरांतून आणि भुयारी वाटांतून चाले. वर बसणारे आणि खाली राबणारे ही विभागणी वेल्सने पुस्तकांतून शिकण्याआधी डोळ्यांनी पाहिली होती. 'द टाइम मशीन' (१८९५) मधील जमिनीवरचे एलॉय आणि जमिनीखालचे मॉरलॉक यांच्यात तिचाच आठ लाख वर्षांनंतरचा विस्तार दिसतो. येथे प्रगतीची रेषा सरळ वर जात नाही. ती माणसांचे दोन प्रकार करते आणि शेवटी दोघांचाही माणूसपणा हिरावून घेते.

दुसरा संस्कार होता टी. एच. हक्सली यांचा. लंडनच्या विज्ञान महाविद्यालयात वेल्सने त्यांच्याकडे जीवशास्त्राचे धडे घेतले. 'उत्क्रांती आणि नीती' या विषयावरील १८९३ च्या व्याख्यानात हक्सलींनी अशी भूमिका मांडली, की समाजाची नैतिक प्रगती निसर्गातील जीवनकलहाचे अनुकरण करून होत नसते, ती त्याच्याशी झुंजूनच साधावी लागते. पुढच्या वर्षी या व्याख्यानाला जोडलेल्या प्रास्ताविकात त्यांनी बागेचा दृष्टान्त घेतला. माळी तण उपटतो, निकस रोपे काढून टाकतो, हवी ती झाडे जोपासतो. पण हाच न्याय एखादा प्रशासक माणसांना लावू लागला तर? इतकी निवड करण्याची बुद्धी कोणाही माणसापाशी नसते, आणि तशी निवड सुरू झाली की ज्या सहानुभूतीवर समाज टिकतो ती सहानुभूतीच सुटत जाते, असा त्यांचा इशारा होता.

हा इशारा वेल्सच्या कथांनी मनावर घेतला. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) ही कादंबरी मंगळावरून आलेल्या आक्रमकांची गोष्ट म्हणून सांगितली जाते. परंतु तिच्या प्रारंभीच निवेदक वाचकाला टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण देतो. युरोपीय वसाहतवाल्यांनी त्यांचे जे केले तेच मंगळवासी आता लंडनचे करीत असतील, तर तक्रार कोणत्या तोंडाने करावी? साम्राज्याच्या राजधानीतल्या वाचकाला उचलून वसाहतीतल्या माणसाच्या जागी उभे करणे, हे या कादंबरीचे मुख्य कार्य आहे. यंत्रे, किरण आणि विषारी धूर ही त्या स्थलांतराची साधने आहेत.

याच कादंबरीच्या उत्तरार्धात एक तोफखान्याचा सैनिक भेटतो. सर्वनाश झालेला असताना तो निवेदकाला एक भव्य योजना ऐकवतो. भूमिगत गटारांतून आणि बोगद्यांतून नवा समाज उभारायचा. त्यात फक्त सशक्त आणि कर्तबगार माणसे घ्यायची. दुबळ्यांना आणि निरुपयोग्यांना तेथे जागा नाही. क्षणभर निवेदक भारावतो. मग त्याच्या लक्षात येते, की इतक्या मोठ्या योजनेच्या धन्याने प्रत्यक्षात अगदीच थोडा खड्डा खणला आहे, आणि तेवढेही काम टाकून त्याला मद्य आणि पत्ते हवे आहेत. निवेदक त्याला सोडून निघून जातो. दुसऱ्याच्या भविष्याची योजना करणाऱ्याचे इतके नेमके आणि निर्दय चित्र क्वचितच कोणी काढले असेल.

३

या कादंबरीनंतर तीनच वर्षांनी, १९०१ मध्ये, वेल्सचे 'अँटिसिपेशन्स' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कथेचा आधार न घेता भविष्याचा पद्धतशीर अंदाज करण्याचा हा त्याचा पहिला मोठा प्रयत्न होता. त्यातील महानगरांच्या विस्ताराविषयीचे प्रकरण आजही वाचनीय आहे. शहर किती पसरणार हे माणसाला कामावर रोज जाऊन परत येण्यास लागणाऱ्या वेळावर ठरते. वाहतुकीचा वेग वाढला की शहराची जुनी हद्द मोडते. विसाव्या शतकाच्या अखेरीस शहर आणि गाव हा भेदच पुसट होऊन विस्तीर्ण नागरी प्रदेश तयार होतील, असे त्याने म्हटले. नॉटिंगहॅमच्या दक्षिणेचा आणि एक्झिटरच्या पूर्वेचा बहुतेक सारा इंग्लंड लंडनकराच्या आवाक्यातला होईल, हा त्याचा हिशेब होता.

पुस्तकाचा शेवट मात्र अंगावर काटा आणतो. भविष्यातील कार्यक्षम माणसांचे 'नवे प्रजासत्ताक' निर्माण झाल्यावर त्या कार्यक्षमतेच्या गरजांत न बसणाऱ्या लोकांचे काय होणार, असा प्रश्न वेल्स स्वतःच उपस्थित करतो. त्यांत काळ्या, तपकिरी आणि पिवळ्या वर्णाच्या समूहांचा तो स्पष्ट उल्लेख करतो आणि त्यांना जावे लागेल असे उत्तर देऊन मोकळा होतो. म्हणजे १८९८ मध्ये ज्या सैनिकाला त्याने हास्यास्पद ठरवले, त्याचीच योजना १९०१ मध्ये त्याने गंभीरपणे स्वतःच्या नावावर मांडली.

ही त्या काळाची मर्यादा होती, असा खुलासा केला जातो. तो पुरेसा नाही. काळाची मर्यादा असती तर ती दोन्ही पुस्तकांत सारखीच दिसली असती. टास्मानियाच्या माणसाची बाजू दिसू शकते हे वेल्सने स्वतः आधीच सिद्ध केले होते. म्हणून प्रश्न असा विचारला पाहिजे, की जे कथाकाराला दिसले ते नियोजकाला का दिसेनासे झाले?

माझ्या मते याचे उत्तर साहित्यप्रकाराच्या स्वरूपात शोधावे लागते. कथेला कोणाच्या तरी शरीरातून जग पाहावे लागते. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'चा निवेदक भुकेला असतो, लपून बसतो, त्याला आपल्या पत्नीची चिंता असते. त्याच्या जागी राहून वाचकाला त्याचा नाश 'अपरिहार्य' म्हणून स्वीकारता येत नाही. आखणीच्या भाषेला अशा शरीराची गरज नसते. तिच्यात 'आपण' असतात आणि 'ते' असतात. ज्याला उद्देशून बोलावे असा 'तू' मात्र तिच्यात कोठेच नसतो. 'अँटिसिपेशन्स'मधील ज्या लोकांना जावे लागणार आहे त्यांपैकी कोणीही त्या पुस्तकात तोंड उघडत नाही. अन्याय करण्यापूर्वी व्याकरणातून एक पुरुष वगळावा लागतो, आणि हे वगळणे इतके सहज होते की लिहिणाऱ्यालाही ते जाणवत नाही.

वेल्सला त्याची जाणीव अजिबातच झाली नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. 'अ मॉडर्न युटोपिया' (१९०५) मध्ये त्याने वंशश्रेष्ठत्वाच्या कल्पनेवर कठोर टीका केली. शिवाय त्या आदर्श जगात फिरायला त्याने निवेदकाबरोबर एक वनस्पतिशास्त्रज्ञ पाठवला. हा गृहस्थ त्रासदायक आहे. त्याला नव्या जगातल्या व्यवस्थेचे कौतुक नाही. तो आपल्या जुन्या, फसलेल्या प्रेमाचे दुःख उगाळत राहतो. अखेरीस त्याच्याच भावनिक उद्रेकाने ते सारे स्वप्न फुटते आणि दोघेही लंडनच्या रस्त्यावर येऊन पडतात. टीकाकारांना हे पात्र पुष्कळदा अनावश्यक वाटले आहे. मला ते त्या पुस्तकाचा नैतिक कणा वाटते. योजनेत न मावणारा एक माणूस योजनाकाराने स्वतःहून बरोबर घेतला आणि त्याला बोलू दिले. 'अँटिसिपेशन्स'मध्ये नसलेला 'तू' येथे परत आला.

४

हा पेच इंग्लंडपुरता नाही. शहराच्या विस्ताराचा वेल्सचा सिद्धान्त जितका लंडनला लागू पडतो तितकाच मुंबईच्या उत्तरेलाही पडतो, आणि त्याची नैतिक किंमत येथे जवळून तपासता येते.

१२ एप्रिल १८६७ रोजी विरार ते मुंबईतील बॅक बे अशी उपनगरी गाडी सुरू झाली, तेव्हा वेल्स जेमतेम सात महिन्यांचा होता. विरारचे चर्चगेटपासूनचे अंतर सुमारे ६० किलोमीटर. रोज जाऊन येण्याच्या वेळेने शहराची हद्द ठरते, हे सूत्र विरारकराला कोणत्याही पुस्तकातून शिकावे लागत नाही. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या सुमारे १२ लाख भरली. वेल्सच्या अंदाजाला इतका जिवंत पुरावा क्वचितच मिळेल.

परंतु एका मूलभूत बाबतीत त्याचा अंदाज चुकला. माणूस शहराबाहेर जाईल तो मोकळी हवा, बाग आणि मुलांसाठी अंगण यांच्या ओढीने, असे त्याने मानले होते. मुंबईतून वसई-विरारला आलेला माणूस पुष्कळदा ओढीने आलेला नव्हता. मुंबईत घर परवडेनासे झाले म्हणून तो आला. आणि तो जेथे आला तेथली बाग त्याच्या घरासाठी जागा करून देत नाहीशी झाली. वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळीच्या आणि फुलांच्या वाड्या होत्या, पानमळे होते आणि पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरवणारी बावखले होती. समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोडे राहावे यात या बावखलांचा वाटा असे. नियोजनाच्या नकाशावर बावखल म्हणजे भरणी करता येण्याजोगा खड्डा. खड्डा आणि बावखल यांतला फरक मोजमापाने कळत नाही. ज्याच्या विहिरीला त्याचे पाणी लागते त्याला तो कळतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरार कित्येक दिवस पाण्याखाली राहिले, तेव्हा पाणी मुरण्याच्या आणि वाहून जाण्याच्या जागांचे काय झाले, हा प्रश्न नव्या वस्त्यांनाही पडला.

१९८० च्या दशकाच्या अखेरीस येथील हरित पट्टा बांधकामासाठी खुला करण्याचा निर्णय झाला आणि १९९० मध्ये नियोजनाचे अधिकार सिडकोकडे गेले. त्याविरुद्ध फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारलेल्या हरित वसईच्या चळवळीकडे केवळ पर्यावरणाची चळवळ म्हणून पाहणे अपुरे ठरेल. तिचा मूळ आग्रह व्याकरणाचा होता : आमच्याविषयी बोलता आहात तर आमच्याशी बोला.

नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस, निर्मळ आणि राजोडीच्या शेजारी समुद्रावर वसलेले कळंब हे या प्रश्नाचे एक टोक आहे. महानगराला घराइतकीच विसाव्याचीही गरज असते. ती भागवण्यासाठी असा किनारा रिसॉर्ट आणि सुट्टीचे ठिकाण होतो. कळंबहून काही किलोमीटरवर सोपारा आहे, म्हणजे प्राचीन शूर्पारक. टॉलेमीला ठाऊक असलेले हे बंदर एके काळी जगाच्या व्यापारातले महत्त्वाचे नगर होते. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी येथील स्तूपाचे उत्खनन केले. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही येथेच मिळाला. खाडी गाळाने भरत गेली आणि बंदर मागे पडले. 'द टाइम मशीन'चा प्रवासी काळाच्या शेवटी पोहोचतो तोही एका ओसाड समुद्रकिनाऱ्यावरच. शूर्पारकाच्या परिसरात ही कल्पना फारशी दूरची वाटत नाही. एक नागरी भविष्य येथे पूर्वीच येऊन गेले आहे.

या ठिकाणी विवेचन सोपे करण्याचा मोह टाळला पाहिजे. नियोजक दुष्ट आणि स्थानिक निष्पाप, अशी मांडणी केली की आपणही पुन्हा 'ते' आणि 'आपण' यांच्याच भाषेत बोलू लागतो. चाळीतली एक खोली सोडून विरारला दोन खोल्या घेणाऱ्या कुटुंबाचे भविष्य हेही कोणाचे तरी भविष्यच आहे, आणि त्याची खिल्ली उडवण्याचा अधिकार वाडीच्या मालकाला नाही. शिवाय बागायतीचे जग हेही सर्वांचे जग नव्हते. याच पालघर जिल्ह्याच्या उत्तर भागात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध १९४५ मध्ये उठाव केला. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात त्याची हकिगत आहे. हिरव्या भूतकाळात सर्वांच्या वाट्याला सारखीच सावली आली नव्हती, हे वारल्याच्या बाजूने पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणून प्रश्न भूतकाळ की भविष्य असा नाही. जी व्यवस्था आपण चांगली म्हणतो तिच्यात सर्वांत खाली उभ्या असलेल्या माणसाच्या जागी राहूनही ती आपल्याला चांगली म्हणता येते का, असा तो आहे.

५

या प्रश्नासाठी मराठी परंपरेला वेल्सची वाट पाहावी लागली नाही. वामन आणि बळी यांची कथा आपल्याकडे दोन प्रकारे सांगितली गेली. पुराणात वामन हा देव आहे. तो तीन पावले भूमी मागतो आणि तिसरे पाऊल बळीच्या मस्तकावर ठेवून विश्वाची घडी नीट बसवतो. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी'त हीच कथा बळीच्या बाजूने वाचली. तेथे वामन आक्रमक आहे आणि बळी हा जमीन कसणाऱ्यांचा न्यायी राजा. कथानक फारसे बदललेले नाही. बदलली आहे ती पाहणाऱ्याची जागा. 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स'ने पंचवीस वर्षांनंतर लंडनच्या वाचकावर जो प्रयोग केला, तो फुल्यांनी पुराणकथेवर आधीच केला होता. आणि फुल्यांच्याही आधीपासून बळीचे राज्य परत येवो अशी इच्छा या प्रदेशातील कुणब्यांच्या घरांत बोलून दाखवली जात होती.

जयंत नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीचे शीर्षक या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते. पूर्वी होऊन गेलेल्या प्रगत संस्कृतीचा ठेवा उत्खननात सापडतो, त्यातील ज्ञानावरून एक यंत्रमानव घडवला जातो, आणि तो निर्मात्यांनाच भारी पडण्याची वेळ येते. लहान दिसणारी मागणी मान्य करावी आणि मागणाऱ्याने सारे विश्व व्यापावे, हे वामनकथेचे सूत्र नारळीकरांनी तंत्रज्ञानाला लावले. यात मोठी सूज्ञता आहे. परंतु त्यांच्या कादंबरीत धोका आहे तो अखंड अशा 'मानवजाती'ला. कोणत्या माणसाच्या डोक्यावर पाऊल आधी पडेल, हा फुल्यांचा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

हा एका लेखकाचा दोष म्हणून मी मांडीत नाही. मराठी विज्ञानकथेचा आधुनिक कालखंड मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेने घडवला. १९७४ मध्ये नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' हे टोपणनाव घेऊन तिच्यासाठी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, हे सर्वांना ठाऊक आहे. विज्ञानाचा प्रसार आणि अंधश्रद्धेचे निराकरण हे या चळवळीचे उद्दिष्ट होते, आणि ज्या समाजात धूमकेतूला अजूनही अपशकुन मानले जाते तेथे ते आवश्यकच होते. पण प्रबोधनाची कथा सहसा जाणत्याच्या जागेवरून सांगितली जाते. तिच्यात शास्त्रज्ञ समजावून सांगतो आणि बाकीचे समजून घेतात. वेल्सचे दोन वारसे होते, आखणी करणाऱ्याचा आणि टास्मानियाच्या माणसाच्या जागी उभे राहणाऱ्याचा. आपल्या विज्ञानकथेने पहिल्याला जवळ केले. दुसऱ्याचा वारसा आपल्याकडे फुल्यांच्या गद्यात असूनही तो विज्ञानकथेत फारसा उतरला नाही. बावखल बुजवले जात असताना ज्याची विहीर खारी होते त्याच्या शरीरातून सांगितलेली विज्ञानकथा मराठीत लिहिली जाण्यासारखी आहे.

६

आयुष्याच्या अखेरीस वेल्स आखणीकडून हक्कांकडे वळला. दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्याने मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यासाठी मोहीम चालवली. १९४० मध्ये 'द राइट्स ऑफ मॅन' हे त्याचे पुस्तक निघाले. ज्या लेखकाने एकेकाळी काही माणसांना जावे लागेल असे लिहिले, त्याने प्रत्येक माणसाला राहण्याचा हक्क आहे असे म्हणावे, हा प्रवास लहान नाही. त्याच वर्षी त्याने या विषयावर गांधींचे मत विचारले. गांधींनी तारेने कळवले, की आपली दिशा चुकते आहे. माणसाच्या कर्तव्यांच्या सनदेपासून प्रारंभ करा, हक्क आपोआप मागून येतील.

गांधींचे उत्तर वरवर पाहता हक्क कमी लेखणारे वाटते. कर्तव्याची भाषा आपल्या समाजात खालच्यांना त्यांच्या जागी ठेवण्यासाठीच अधिक वापरली गेली, हा आक्षेप फुल्यांच्या वाचकाला लगेच सुचेल, आणि तो रास्त आहे. पण ती भाषा आखणाऱ्याला लावली तर तिचा अर्थ बदलतो. तेव्हा ती म्हणते : ज्याच्या हाती नकाशा आहे त्याचे पहिले कर्तव्य हे, की नकाशातल्या प्रत्येक खुणेमागचा माणूस त्याने 'तू' म्हणून ऐकावा, आणि ऐकणे म्हणजे हरकती नोंदवून घेण्याचा सोपस्कार नव्हे. हक्क ऐकवायला माणूस लागतो, तसे ते ऐकायला बांधलेला दुसरा माणूसही लागतो. वेल्सने पहिल्याची तरतूद केली. गांधींनी दुसऱ्याची आठवण करून दिली.

१९४५ मधल्या 'माइंड ॲट द एन्ड ऑफ इट्स टेथर' या आपल्या शेवटच्या पुस्तकात वेल्सने मानवाच्या भवितव्याविषयी घोर निराशा व्यक्त केली. ती निराशा योजनाकाराची होती. जगाने योजना मानली नाही, याचे ते दुःख होते. त्याच्या कथांना अशी निराशा होण्याचे कारण नव्हते, कारण जग आपल्या हाती आहे असे त्यांनी कधी गृहीत धरलेच नव्हते. म्हणून आज वेल्स वाचताना त्याची कोणती भाकिते खरी ठरली याची यादी करणे हे दुय्यम काम आहे. विरारच्या गाडीने ती यादी केव्हाच पूर्ण केली. आपल्यापुढचे काम वेगळे आहे. विकास आराखडा असो, वैचारिक ग्रंथ असो की विज्ञानकथा असो, भविष्याविषयीचा कोणताही मजकूर हाती आला की त्यात कोण बोलते आहे हे पाहावे, आणि मग त्यात कोणाला बोलू दिलेले नाही हे शोधावे. समीक्षेला हे वाचन येते. कवितेवर आणि कादंबरीवर ती ते रोज करते. आराखड्यावर ते करायला तिने आता संकोचू नये.